मामांचा भरलेला मॅक मोकळा करताना

माझे मामा साताऱ्याला राहतात. निवृत्त झाल्यावर ते मोडी शिकले आणि तेव्हापासून जुन्या कागदांच्या मागे आहेत. कुणाच्या माळ्यावरची पेटी, कुठल्या देवळाचं दप्तर, कुणा ओळखीच्यांकडे आलेले वाटण्यांचे कागद, जे मिळेल त्याचे फोटो काढायचे, मॅकवर घ्यायचे आणि रोज सकाळी बसून देवनागरीत उतरवायचे, हा त्यांचा नेम. मॅक म्हणजे मामेबहिणीनं अमेरिकेहून आणून दिलेला एम१ चिपचा मॅकबुक एअर, २५६ जीबीचा. तो तुडुंब भरला.

डिस्क भरली की नुसती जागा संपत नाही, मॅक मंदही होतो. मेमरी कमी पडली की मॅक डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरतो आणि तिथेच जागा नसली की साधा फोटो उघडायलाही चक्र फिरत राहतं. मामांच्या मॅकवर अजून मॅकओएसची व्हेंचुरा ही जुनी आवृत्ती होती. २०२४ च्या सप्टेंबरात सिकोया ही नवी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ती घ्यायचा प्रयत्न केला, तर जागा पुरेशी नाही म्हणून ती बसेना. ॲपल साधारणपणे सर्वांत नव्या आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्यांनाच सुरक्षेची अपडेट देतं, त्यामुळे व्हेंचुरावर फार काळ राहणंही बरं नव्हतं.

एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं की या मॅकची डिस्क वाढवून मिळत नाही, नवा घ्या. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. या एअरमध्ये साठवणीच्या चिप मुख्य बोर्डावरच बसवलेल्या असतात, त्या बदलता येत नाहीत. पण म्हणून सगळा मॅक बदलायचा, हे मला पटलं नाही. शेजारच्या मुलानं मॅक साफ करणारं एक ॲप सुचवलं होतं. त्यालाही मी नको म्हटलं. असलं ॲप सगळ्या डिस्कवर हात फिरवायची परवानगी मागतं, आणि ते नेमकं काय पुसणार हे आपल्याला आधी कळत नाही. मामांच्या बाबतीत तर ते चालणारच नव्हतं. फोनवर त्यांनी मला पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं, "अगं, यातले निम्मे कागद मला पुन्हा बघायला मिळायचे नाहीत. दोघं मालक तर वारलेसुद्धा. काही पुसायचं असलं तर आधी मला विचार."

तिथेच ठरलं की आधी प्रती करायच्या, मग पुसायचं.

मी बंगळूरला. मॅकच्या मेसेजेस ॲपमधून समोरच्याचा पडदा आपल्याला पाहता येतो, आणि त्यानं परवानगी दिली तर चालवताही येतो. दोघांकडे मॅक असला आणि दोघं आपापल्या ॲपल खात्यात असले की वेगळं काही बसवावं लागत नाही. मामांशी चाललेल्या संभाषणाच्या माहितीत जाऊन मी पडदा दाखवण्याची विनंती पाठवली, त्यांनी ती स्वीकारली. चालवायचं मात्र त्यांनीच, मी फक्त बघून सांगायचं, असं मी मुद्दाम ठेवलं. पुढच्या वेळी मी फोनवर नसले तरी त्यांना रस्ता माहीत असायला हवा होता.

सिस्टम सेटिंग्ज, तिथे जनरल, तिथे स्टोरेज. रंगीत पट्टी उमटते, पण आकडे लगेच खरे धरू नयेत. मॅक मोजत असतो, पट्टी थोडा वेळ हलत राहते. ती स्थिरावली तेव्हा सगळ्यात मोठा तुकडा डॉक्युमेंट्सचा निघाला आणि त्याच्याखाली सिस्टम डेटाचा. डॉक्युमेंट्सच्या ओळीतल्या छोट्या गोल चिन्हावर दाबलं की मोठ्या फायली आकारानुसार उतरत्या क्रमानं दिसतात. नुसतं बघायचं, काही काढायचं नाही, असं म्हणत आम्ही ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

मग मामा म्हणाले, "पण मी मागच्याच आठवड्यात एवढे फोल्डर काढले गं. ट्रॅशपण रिकामा केला. जागा जिथल्या तिथं."

हा प्रश्न मॅक वापरणाऱ्या फार जणांना पडतो, आणि मामांच्या मॅकवर त्याची दोन्ही उत्तरं एकदम हजर होती.

पहिलं उत्तर टाइम मशीनचं, म्हणजे मॅकमधल्या आपोआप बॅकअप घेण्याच्या सोयीचं. मामेबहिणीनं मॅक लावून देताना टाइम मशीन चालू केलं होतं आणि बॅकअपची डिस्क परत जाताना बरोबर नेली होती. डिस्क जोडलेली नसली तरी चालू असलेलं टाइम मशीन दर तासाला मॅकच्याच डिस्कवर त्या घडीची स्थिती धरून ठेवतं. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. तो साधारण चोवीस तास राहतो, आणि शेवटच्या यशस्वी बॅकअपचा स्नॅपशॉट तर जागेची गरज पडेपर्यंत राहतो. त्यात असलेली फाइल ट्रॅशमधून गेली तरी तिची जागा धरलेलीच असते. डिस्क युटिलिटी हे डिस्क हाताळायचं मॅकमधलं ॲप उघडून व्ह्यू मेनूतून एपीएफएस स्नॅपशॉट दाखवा म्हटलं की खाली सगळी रांग तारीखवेळेसह दिसते. आम्हालाही दिसली. फाइंडर, म्हणजे फायली-फोल्डर दाखवणारं मॅकचं ॲप, आणि डिस्क युटिलिटी मोकळ्या जागेचे वेगवेगळे आकडे का दाखवतात, तेही इथेच कळतं. गरज पडली तर मॅक स्वतः काढून टाकू शकेल अशी जागाही फाइंडर मोकळ्यात धरतो.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं होतं. मामांनी काढलेले फोल्डर होते प्रतींचे. एखाद्या गावचे कागद हाताळायच्या आधी ते त्या फोल्डरवर कमांड आणि डी दाबून त्याची प्रत करून ठेवत. कागदाला काही झालं तर प्रत असावी, हा त्यांचा विचार. आता २०१७ साली हाय सिएरा या आवृत्तीबरोबर मॅकवर एपीएफएस ही फायली मांडायची नवी पद्धत आली. तिच्यात त्याच डिस्कवर प्रत केली तर मजकूर पुन्हा लिहिला जात नाही. दोन्ही नावं एकाच मजकुराकडे बोट दाखवतात, आणि पुढे एकीत बदल केला तर तेवढाच बदललेला भाग वेगळा लिहिला जातो. म्हणून केवढाही मोठा फोल्डर असो, प्रत क्षणात होते. आणि म्हणूनच ती प्रत पुसली तर जवळजवळ काहीच मोकळं होत नाही. मामांच्या सगळ्या फोल्डरांच्या आकाराची बेरीज २५६ जीबीच्या वर जात होती, त्याचं कारण हेच.

जागेचं कोडं सुटलं, पण मला धास्ती वेगळीच वाटली. ज्याला मामा इतकी वर्षं आपली सुरक्षित प्रत समजत होते, ती सुरक्षित नव्हती. डिस्क गेली असती तर मूळ आणि प्रत दोन्ही एकाच वेळी गेली असती. मी हे सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे सगळं एकदाच आहे." तेव्हापासून आमचं काम जागा करण्याचं कमी आणि कागद वाचवण्याचं जास्त झालं.

त्यांच्याकडे एक जुनी हार्ड डिस्क होती, भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर वापरलेली. एअरला दोन्ही जोडण्या यूएसबी-सी प्रकारच्याच असल्यानं आधी ॲडाप्टर आणावा लागला. जोडल्यावर आतलं सगळं दिसत होतं, उघडत होतं, पण मॅकवरून तिच्यात काहीही टाकता येईना. ती डिस्क बिघडलेली नव्हती. विंडोजवर तयार केलेली डिस्क बहुधा एनटीएफएस प्रकारची असते, आणि मॅक ती फक्त वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.

याच डिस्कवर टाइम मशीन लावू या, असं मामा म्हणाले. तशी ती निवडली तर डिस्क पुसून घ्यावी लागेल, असा इशारा येतो. आला. इथे घाई करणाऱ्यांसाठी मी हे खास लिहिते आहे. त्या डिस्कवर मामांचे सुरुवातीच्या वर्षांतले फोटो होते, आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हते. रद्द करा दाबलं आणि नव्या डिस्क मागवल्या. टाइम मशीनसाठी एक, मॅकच्या क्षमतेच्या निदान दुप्पट असावी म्हणून एक टीबीची. कागदांच्या संग्रहासाठी दोन.

संग्रहाच्या डिस्क आम्ही एक्सफॅट प्रकारच्या केल्या. मामांचे एक स्नेही लिप्यंतर तपासून देतात आणि त्यांच्याकडे विंडोज आहे. एक्सफॅट दोन्हीकडे वाचताही येतं, लिहिताही येतं. त्यात एक कमीपणा आहे. लिहीत असताना केबल निघाली तर सावरून घेण्याची सोय एपीएफएसमध्ये जशी आहे तशी इथे नाही. म्हणून फाइंडरमध्ये इजेक्ट केल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही, ही अट मामांनी स्वतःच कागदावर लिहून डिस्कला चिकटवली. डिस्क युटिलिटीत नवी डिस्क पुसताना व्ह्यूमधून सगळी उपकरणं दाखवा हे आधी निवडावं, नाहीतर फक्त आतला भाग दिसतो आणि वरची अख्खी डिस्क निवडताच येत नाही.

नेऊन ठेवायच्या आधी मामांना नको असलेल्या प्रती वगळायला सांगितल्या. बाहेरच्या डिस्कवर गेल्या की त्या खऱ्याखुऱ्या प्रती होतात आणि पूर्ण जागा घेतात. कुठली प्रत जशीच्या तशी आणि कुठलीत त्यांनी उजेड वाढवला, कडा कापल्या, हे त्यांनाच माहीत. त्यांनी प्रत्येक गावाचा फोल्डर उघडून पाहिला. याला खूप वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

प्रत झाली म्हणजे काम झालं असं आम्ही धरलं नाही. मूळ फोल्डर आणि डिस्कवरचा फोल्डर, दोन्हींवर कमांड आणि आय दाबून आतल्या नगांची संख्या ताडून पाहिली. मग प्रत्येकातले सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे फोटो डिस्कवरून उघडून, मोठे करून, अक्षरं वाचता येतात का ते मामांनी पाहिलं. जुन्या डिस्कवरचे फोटोही नव्या दोन्ही डिस्कवर घेतले.

मधेच त्यांचा काळजीचा फोन आला. स्नेह्यांच्या लॅपटॉपवर तीच डिस्क लावली तर तिचा आकार कमी दिसत होता, फायलींचाही. फोटो गळाले की काय? तसं काही नव्हतं. २००९ च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून मॅक हजारांच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. त्यामुळे मॅकवरची एक टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते. फोटोंची संख्या मात्र दोन्हीकडे तीच होती.

आता टाइम मशीन. त्याची डिस्क त्यांनी एपीएफएस केली, बॅकअपला पासवर्ड लावला, चार्जर जोडून मॅक रात्रभर उघडा ठेवला. पहिला बॅकअप वेळ खातो, पुढचे फक्त बदलांचे असतात. मामांना वाटलं, आता सगळं टाइम मशीनमध्ये आहे तर संग्रहाची डिस्क कशाला? याचं उत्तर मी त्यांना दोनदा समजावलं, कारण इथेच माणसं फसतात. टाइम मशीन मागच्या चोवीस तासांचे दर तासाचे, मागच्या महिन्याचे दर दिवसाचे आणि त्याआधीचे दर आठवड्याचे बॅकअप ठेवतं, आणि डिस्क भरली की सगळ्यात जुने काढून टाकतं. मॅकवरून पुसलेली फाइल आज त्यात सापडेल, पण काही काळानं ती तिथूनही जाऊ शकते. आयक्लाउडवरच्या फोटोंचं तर आणखी सरळ आहे. मॅकवरून फोटो पुसला की तो फोनवरूनही जातो, अलीकडे पुसलेल्यांच्या अल्बममध्ये महिनाभर थांबतो आणि मग कायमचा जातो. मॅकवर आत्ता जे आहे ते टाइम मशीन सांभाळतं. मॅकवरून काढायचं आहे पण हवंही आहे, अशाची जागा वेगळीच हवी.

हे सगळं झाल्यावर पुसायला बसलो. पुसणं सोपं गेलं. पूर्वीच्या आयफोनांचे बॅकअप पडून होते. फोन जोडून फाइंडरमध्ये बॅकअपांची यादी उघडली आणि जुने काढले, तेवढ्यानंच बरीच जागा झाली. डाउनलोड्समध्ये लग्नाचे व्हिडिओ होते, व्हॉट्सॲपचे सुप्रभातवाले होते. शेवटी कागदांचे लिप्यंतर पूर्ण झालेले फोल्डर, एकेक करून, मामांनी स्वतः ट्रॅशमध्ये टाकले. स्नॅपशॉटांमुळे लगेच फरक दिसणार नाही, उद्या बघा, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टीचा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा दिसला आणि त्याच रात्री सिकोया बसली. नंतर काही वेळ मॅक शोधाची अनुक्रमणी नव्यानं करत होता, तेवढा जरा जड चालला, मग सुरळीत झाला.

संग्रहाची एक डिस्क मामांच्या कपाटात आहे, दुसरी कराडला मावशीकडे. मावशीकडे कुणी जाणार असलं की मामा आपल्याकडची डिस्क ताजी करून जाणाऱ्याच्या हाती देतात आणि तिकडची परत मागवतात. नव्या गावचे फोटो आले की ते आधी कपाटातल्या डिस्कवर जातात, मग मॅकवर. मॅकवर फक्त हातात घेतलेल्या गावाचा फोल्डर असतो. सध्या कोरेगावकडचा आहे. फोनमधले फोटो मात्र डिस्क कराडला पोचल्याचा मावशीचा फोन येईपर्यंत ते पुसत नाहीत.