सायनचा किल्ला: मुंबईचं जुनं टोक, आता भर मध्यात

सायनला रोज लाखभर लोक तरी येत-जात असतील, कोणी हॉस्पिटलला, कोणी कॉलेजला, कोणी नुसतंच बस बदलायला, पण स्टेशनच्या पूर्वेला दहा मिनिटं चाललं की टेकडीवर किल्ला आहे हे विचारलंत तर निम्मे लोक तुमच्याकडे बघत राहतील. बागेत जाणारे बागेपुरते जातात (खाली नेहरू उद्यान आहे, म्हातारी मंडळी सकाळी तिथे हात वर करून मोठमोठ्याने हसतात), आणि कपल्स वर जातात. मधल्या वयाच्या माणसाने वर जायचं काही कारणच नाही असं सगळ्यांचं ठरलेलं आहे. मी भाच्याला घेऊन गेलो, कारण सुट्टीत त्याच्या हातातला मोबाईल काढून घ्यायला दुसरा उपाय नव्हता.

चढ फार नाही, शंकूसारखी छोटी टेकडी आहे. दगडी पायऱ्या, बाजूला पडकी तटबंदी, झाडांची मुळं सांध्यांत घुसून दगड बाहेर ढकलतायत. काळ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर खिळ्याने कोरलेली नावं, एकाने तर बदाम काढून त्यात आधीचं नाव खोडून दुसरं टाकलंय, म्हणजे भिंत तीच, प्रकरण नवीन. वर एक तोफ पडलीये, गंजून खडबडीत झालेली. तिच्या तोंडात कोणीतरी वेफरचं पाकीट कोंबलेलं होतं, ते भाच्याने काठीने काढलं आणि मग त्या भोकातून आत बघत मला विचारलं, "मामा, हा शिवाजी महाराजांचा किल्ला ना?"

आता इथे गंमत आहे. आपल्याला किल्ला म्हटला की तो आपलाच वाटतो, लहानपणी दिवाळीत मातीचा केला तोही आपलाच, पण हा आपला नाही. हा इंग्रजांचा. जेरल्ड आँजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, म्हणजे १६६९ ते १६७७ च्या दरम्यान ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेला. मुंबई त्यांना मिळून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती, इंग्लंडच्या राजाने १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्यावर कंपनीच्या गळ्यात मारली होती. आणि ती मुंबई इथे, या टेकडीच्या पायथ्याशी संपत होती. इकडे परळचं बेट, मग खाडी, दलदल, आणि पलीकडे साष्टी, ती पोर्तुगीजांची. म्हणजे आज आपण कुर्ला, घाटकोपर, मुलुंड म्हणतो ना, तो सगळा तेव्हा परदेश. किल्ला कसला, नाक्यावरची चौकीच ती, पलीकडून कोण येतंय ते बघत बसायची.

पोर्तुगीजांशी इंग्रजांची कुरबुर चालूच असायची, जकातीवरून वगैरे, पण तो त्रास शेजाऱ्याच्या नळाच्या भांडणाएवढा. खरी फाटली ती १७३७ ला. मराठ्यांनी ठाणं घेतलं, साष्टी घेतली, आणि या टेकडीवरच्या पहारेकऱ्याला खाडीपलीकडे एकदम भगवा दिसायला लागला. बरं त्याच वर्षी इंग्रजांनी जवळच मिठी नदीच्या काठाला अजून एक किल्ला बांधला, रिवा किल्ला, म्हणजे धारावीतला काळा किल्ला. त्याच्या भिंतीवर गव्हर्नर जॉन हॉर्नच्या नावाचा १७३७ चा लेख आहे. हॉर्नला त्या वर्षी झोप लागत नसणार एवढं त्या सालावरून कळतंच. मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा कारभारच आटोपला. शेजारी बदलला, आणि नवीन शेजारी बराच जबरदस्त.

हे सगळं भाच्याला सांगितलं तर तो तोफेकडे बघत म्हणाला, "म्हणजे हिचं तोंड आपल्याकडे होतं?" म्हटलं हो रे, आपल्याकडेच. त्याला ते जाम आवडलं. आपल्याला घाबरून कोणीतरी किल्ले बांधत होतं हे ऐकून त्याची छाती दोन इंच फुगली आणि खरं सांगायचं तर माझीही.

पण पुढचा प्रश्न त्याने अडचणीचा काढला, मग आपण मुंबई का नाही घेतली? तर झालं असं की इंग्रजांनी तोफांवर भरवसा ठेवलाच नाही. वसई पडल्यावर लगेच त्यांनी कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे बोलणी करायला पाठवलं आणि कॅप्टन गॉर्डनला थेट साताऱ्याला शाहू महाराजांच्या दरबारी. गोड बोलायचं, तह करायचा, व्यापाराची सवलत पदरात पाडायची. आणि इकडे गपचूप दक्षिणेला मुख्य शहराच्या, म्हणजे फोर्टच्या तटाभोवती खंदक खणायला घ्यायचा. १७७४ ला पुण्यातल्या पेशव्यांच्या घरच्या भांडणाचा फायदा घेऊन ठाणं आणि साष्टी त्यांनी मारलीच, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती कायमची त्यांच्याकडे राहिली. माझं मत विचाराल तर या टेकडीची कामगिरी त्या दिवशी संपली. दोन्ही बाजू एकाच मालकाच्या, मग पहारा कोणावर? नंतर डंकन गव्हर्नर असताना सायनहून कुर्ल्याकडे खाडीवर बांध घातला गेला, माणसं-बैलगाड्या सरळ पलीकडे जायला लागल्या आणि सरहद्द वगैरे लोक विसरले.

वरून आता काय दिसतं? एका बाजूला लोकल, एका बाजूला हायवे, लांबवर मिठागरं आणि खाडीची तिवरं, बाकी टॉवर, टॉवर आणि निळी ताडपत्री. शहर उत्तरेला इतकं पसरलंय की जे टोक होतं ते नकाशात मधोमध येऊन बसलंय. दहिसर-मुलुंडवाल्यांना तर सायन म्हणजे "टाऊनकडे" वाटतं, आँजियरला सांगितलं असतं तर चक्कर आली असती.

राग एका गोष्टीचा येतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, पण आम्ही गेलो तेव्हा वर इतिहास सांगणारा धड एक फलक मला दिसला नाही, "नासधूस केल्यास दंड" एवढं मात्र कळतं. ठाणं पडलं ते इथून बघितलं गेलं असेल, हे दोन ओळीत मराठीत लिहायला कितीसा खर्च येतो? रायगडावर जाणारी पब्लिक ट्रेनमधून रोज या टेकडीसमोरून जाते आणि मान वर करत नाही, त्यात सगळा दोष पब्लिकचा नाही.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा, पायऱ्यांवर शेवाळ धरतं. सकाळी जा, दुपारी दगड तापतो. पाणी सोबत ठेवा, वर काही मिळत नाही. गाडी आणूच नका, रेल्वे रुळांवरून जाणारा १९१२ चा जुना रस्त्याचा पूल २०२४ मध्ये पाडायला बंद केल्यापासून सायनच्या ट्रॅफिकने भल्याभल्यांना रडवलंय, ट्रेनच बरी. भाच्याला आता काळा किल्ला बघायचाय. बेस्टच्या पाटीवर ते नाव इतकी वर्षं वाचतोय, पण आत मीही कधी गेलेलो नाही.