चोवीस स्लॉट, आठ पट्ट्या

शनिवारी सकाळी सहा वाजता नवी मुंबईतल्या महापेच्या डेटा सेंटरमध्ये चाचणीचा निकाल पडद्यावर आला: 3 तास 26 मिनिटं. हेच काम जुना सर्व्हर 3 तास 10 मिनिटांत उरकत होता. जुन्यात 40 कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र हिशेबनीस, होते, नव्यात 128. 2024 चा फेब्रुवारी संपत आला होता. एका सहकारी बँकेची मार्चअखेरची व्याजआकारणी या नव्या यंत्रावर करायचं ठरलेलं, आणि हाताशी शनिवार-रविवार एवढेच दिवस.

जुन्या सर्व्हरमध्ये इंटेलचे झिऑन गोल्ड 6248 होते, दोन सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या जागांत) प्रत्येकी 20 कोअर. नव्यात एएमडीचे एपिक 9554, प्रत्येकी 64 कोअर. काम तसं सरळ आहे. बचत खात्यांचं व्याज 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर काढावं लागतं. प्रोग्रॅम सगळ्या खात्यांच्या रोजच्या शिलकी रॅममध्ये चढवतो, एकेक खातं घेऊन गुणाकार-बेरीज करत जातो आणि शेवटी एकत्र नोंदी टाकतो. एका खात्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, त्यामुळे जास्त कोअरवर वाटून द्यायला यापेक्षा सोपं काम शोधून सापडणार नाही. म्हणूनच तो आकडा खुपला.

पहिला संशय डिस्कवर गेला आणि दहा मिनिटांत मिटला, कारण सुरुवातीचं चढवणं संपल्यावर डिस्क जवळजवळ शांत होती. कोण किती राबतंय ते दाखवणाऱ्या ‘टॉप’ या आज्ञेत प्रोसेसर 97 टक्के व्यस्त दिसत होता, आणि इथेच बहुतेक जण फसतात. मेमरीतून आकडा येईपर्यंत ताटकळत थांबलेला कोअरही ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशेबी ‘व्यस्त’च असतो. खरं चित्र प्रोसेसरच्या आतली मोजमापं वाचणाऱ्या ‘पर्फ स्टॅट’ने दाखवलं: एका क्लॉकमागे, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यामागे, सरासरी 0.3 सूचना. अशा साध्या अंकगणितात हा आकडा 1 च्या वर असायला हवा. म्हणजे तीन क्लॉकमध्ये जेमतेम एक सूचना पुढे सरकत होती, बाकी सगळं वाट पाहणं.

मग बसवलेल्या भागांची माहिती देणाऱ्या ‘डीएमआयडीकोड’ने मेमरीची यादी काढली. मदरबोर्डवर 24 स्लॉट, भरलेले 8. प्रत्येक सॉकेटला 64 जीबीच्या चार पट्ट्या, एकूण 512 जीबी. मागणीपत्रकात ‘512 जीबी’ लिहिलं होतं आणि तेवढी मिळाली होती. पुरवठादाराचं म्हणणं असं की मोठ्या पट्ट्या कमी लावल्या तर पुढे वाढवायला स्लॉट मोकळे राहतात. जुन्या काळच्या डेस्कटॉपला हा सल्ला ठीक होता. इथे तो घातक ठरला.

कारण हिशेबात आहे. या पिढीच्या एपिकला प्रत्येक सॉकेटमागे मेमरीचे 12 चॅनेल, म्हणजे ये-जा करायचे स्वतंत्र मार्ग, असतात. डीडीआर5-4800 ची एक पट्टी एका चॅनेलवर सेकंदाला 38.4 जीबी देते. बाराही चॅनेल भरले तर 460.8 जीबी, म्हणजे 64 कोअरमध्ये वाटून प्रत्येकी 7.2. चारच भरले तर 153.6, म्हणजे प्रत्येकी 2.4. आता जुनं यंत्र बघा: सहा चॅनेल, डीडीआर4-2933, एकूण 140.8 जीबी, 20 कोअरमध्ये प्रत्येकी 7. कोअर तिपटीहून जास्त घेतले आणि त्यांना मेमरीचा वेग मात्र जवळपास जुन्या सर्व्हरइतकाच मिळत होता. एकाच नळावर तिप्पट घागरी लावल्या होत्या.

पुरवठादाराच्या मुंबईतल्या साठ्यात 32 जीबीच्या पट्ट्या होत्या. दुपारी दोनपर्यंत 24 आल्या, एकूण 768 जीबी. जुन्या आठ बाजूला ठेवल्या, कारण वेगवेगळ्या क्षमतेच्या पट्ट्या मिसळल्या की चॅनेलमधली आळीपाळीची वाटणी विस्कटते आणि मेमरीच्या काही भागाला पूर्ण वेग मिळत नाही.

पट्ट्या बसवून सर्व्हर चालू केला की पडदा काळाच राहतो. डीडीआर5 मध्ये प्रत्येक चॅनेलचं विद्युत वेळापत्रक पहिल्यांदा जुळवून घ्यावं लागतं, त्याला ट्रेनिंग म्हणतात. 24 पट्ट्यांना दहा मिनिटंही लागू शकतात. या वेळात घाबरून पॉवर काढली तर सगळं पहिल्यापासून. सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवायच्या बीएमसी या छोट्या चिपच्या पानावर चालू टप्प्याचा कोड दिसतो, तो बदलत असेल तर हात लावायचा नाही.

नऊ मिनिटांनी यंत्र उठलं आणि 736 जीबी दाखवू लागलं. एक पट्टी गायब. ती काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली तर तिथे ती व्यवस्थित दिसली, आणि तिच्या जागी घातलेली चांगली पट्टी गायब झाली. पट्टी निर्दोष, बिघाड त्या चॅनेलचा. अशा वेळी मदरबोर्ड परत पाठवायची घाई होते. त्याआधी सॉकेट बघायचं असतं. एसपी5 सॉकेटमध्ये 6096 संपर्क असतात आणि मेमरीचे चॅनेल प्रोसेसरमधून थेट या संपर्कांवरून जातात. कूलरचे स्क्रू असमान आवळले तर प्रोसेसरचा एक कोपरा किंचित उचललेला राहतो, आणि बाकी सगळं चालत असताना एखादाच चॅनेल मरतो. कूलर काढला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, सॉकेटच्या पिना बॅटरीच्या तिरप्या उजेडात तपासल्या. एकही वाकलेली नव्हती. प्रोसेसर पुन्हा बसवला, आणि स्क्रू त्यांच्यावर छापलेल्या क्रमाने, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर ठेवलेल्या स्क्रूड्रायव्हरने आवळले. हाताच्या अंदाजाने हे काम कधीही करू नये. पुढच्या वेळी 768 दिसले.

मेमरीचा वेग मोजायला ‘स्ट्रीम’ नावाची जुनी, साधी चाचणी आहे. सकाळी तिने दोन्ही सॉकेट मिळून सुमारे 250 जीबी दाखवले होते, संध्याकाळी सुमारे 740. कागदावरच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास मिळालं तर यंत्र ठीक समजायचं. व्याजाचं काम 1 तास 31 मिनिटांवर आलं.

इथे थांबता आलं असतं, पण ‘पर्फ’ अजून समाधानकारक नव्हता. प्रोग्रॅम 240 कामगार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालवत होता, कारण कोणीतरी कोअरमागे दोन असे 256 हार्डवेअर थ्रेड मोजून तो आकडा लिहिला होता. मेमरीवर अडलेल्या कामात एका कोअरवर दोन थ्रेड बसवून फारसं हाती लागत नाही, उलट कॅशची, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची, ओढाताण वाढते. दुसरं असं की या प्रोसेसरचे 64 कोअर एका तुकड्यात नाहीत. आठ-आठ कोअरचे आठ चिपलेट आहेत, प्रत्येकाची स्वतःची 32 एमबी एल3 कॅश आहे, आणि मध्ये इनपुट-आउटपुटचा वेगळा तुकडा आहे. एकाच चिपलेटमधल्या दोन कोअरना एकमेकांशी बोलायला काही दशक नॅनोसेकंद लागतात, दुसऱ्या चिपलेटशी शंभराच्या आसपास, आणि दुसऱ्या सॉकेटशी त्याहूनही बरंच जास्त. ‘पुढचं खातं कोणतं’ हे सांगणारा एकच मोजणीआकडा 240 थ्रेड मिळून बदलत होते. तो आकडा या चिपलेटवरून त्या चिपलेटवर सारखा येरझारा घालत होता.

बायोसमध्ये एनपीएस नावाची सेटिंग असते. मुळात ती 1 वर असते, म्हणजे अख्खं सॉकेट एकच मेमरी-विभाग. ती 4 केली की प्रत्येक सॉकेटचे चार विभाग पडतात: 16 कोअर, तीन चॅनेल आणि आमच्या बाबतीत 96 जीबी. असे आठ विभाग झाले. शाखांचे आठ गट करून आठ वेगळ्या प्रोसेस लावल्या, प्रत्येकीला 14 थ्रेड, आणि ‘न्यूमासीटीएल’ या आज्ञेने प्रत्येकीचे कोअर व मेमरी तिच्या विभागाला बांधून टाकली. एकूण 112 थ्रेड. प्रत्येक विभागात दोन कोअर डेटाबेस आणि सिस्टिमसाठी मोकळे.

पहिल्या फेरीत तिसरी प्रोसेस मेमरी संपून मेली, आणि त्याच वेळी इतर विभागांत मिळून दोनशे जीबीहून जास्त मोकळी होती. मेमरी बांधणारा ‘न्यूमासीटीएल’चा ‘मेमबाइंड’ पर्याय कडक असतो, शेजारच्या विभागातून उसनं घेऊ देत नाही. चूक वाटणीची होती. शाखांची संख्या सारखी केली होती, पण दोन मोठ्या शाखा एकाच गटात पडल्या होत्या. खात्यांच्या संख्येवर नव्याने गट पाडले. रात्री साडेअकराला पूर्ण फेरी 58 मिनिटांत संपली.

त्या दिवसापासून नवा सर्व्हर प्रोसेसर जाहीर झाला की कोअरच्या आकड्याआधी मेमरीच्या वेगाला कोअरने भागून बघायची सवय लागली आहे, आणि स्पर्धेचं चित्र त्यातून फार स्वच्छ दिसतं.

2004 साली इंटेलने ‘तेजस’ हा एककोअरी प्रोसेसर अर्ध्यावर सोडला, कारण घड्याळाचा वेग वाढवण्याची वाट उष्णतेपाशी बंद झाली होती. 2005 मध्ये एएमडीचा दुकोअरी ऑप्टेरॉन आला आणि तेव्हापासून शर्यत संख्येची झाली. 2017 च्या पहिल्या एपिकला 32 कोअर आणि आठ चॅनेल, म्हणजे कोअरमागे 5.3 जीबी. 2019 मध्ये कोअर 64 झाले, चॅनेल आठच राहिले, आकडा 3.2 वर आला. 2024 च्या ऑक्टोबरमधला 192 कोअरचा एपिक 9965 डीडीआर5-6400 लावूनही तिथेच, 3.2. इंटेलचा त्याच वर्षीचा 128 कोअरचा झिऑन 6980पी साध्या डीडीआर5-6400 वर 4.8 देतो आणि 8800 च्या एमआरडिम या जास्त वेगाच्या पट्ट्या लावल्या तर 6.6. ॲमेझॉनचा आर्म या इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेवर आधारलेला ग्रॅव्हिटॉन4, 96 कोअर, 5.6. यातला कोणता चांगला हा प्रश्न कामाविना विचारण्यात अर्थ नाही. वेबच्या छोट्या विनंत्या हाताळायला 192 कोअरचा एपिक उत्तम, त्या कामाला मेमरीची एवढी तहान नसते. आमच्या व्याजाला मी डोळे मिटून 6.6 चा आकडा निवडेन, 64 कोअर कमी मिळाले तरी.

पुढच्या पिढीतही दोन वाटा दिसतात. इंटेलच्या 18ए या चिपनिर्मितीच्या प्रक्रियेवरच्या क्लिअरवॉटर फॉरेस्टमध्ये 288 छोटे, काटकसरी कोअर आहेत, म्हणजे संख्येची वाट. एएमडीने ‘व्हेनिस’ या पुढच्या एपिकसाठी 256 कोअर आणि सेकंदाला 1.6 टीबी मेमरी जाहीर केली, म्हणजे कोअरमागे सहाच्या वर. तिसरी वाट मेमरीच प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणण्याची. पुण्याच्या सी-डॅकने आखलेल्या 96 कोअरच्या ‘ऑम’ या आर्म प्रोसेसरमध्ये एचबीएम ही अतिवेगवान मेमरी याच कारणासाठी घेतली आहे. कॅश वाढवण्याचा मार्गही आहे, 2023 मधल्या एपिक 9684एक्समध्ये ती 1152 एमबी आहे. पण एकदा वाचलेला आकडा पुन्हा लागणारच नसेल, जसा आमच्या शिलकींचा, तर कॅश कितीही मोठी असून उपयोग नाही.

खर्चाची बाजूही कोअरशीच बांधलेली आहे. विंडोज सर्व्हर 2016 पासून कोअर मोजून परवाना घेतो, एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस तर 2012 पासूनच. याच बँकेचा अहवालांचा डेटाबेस कोअरवर परवाना लागणारा होता, तो या यंत्रावर अजिबात आणला नाही. अशा कामाला 16 कोअरचा, 4.1 गिगाहर्ट्झचा एपिक 9174एफ परवडतो, कारण त्यातही एल3 कॅश 256 एमबीच आहे आणि ती सोळांतच वाटली जाते. विजेचं म्हणाल तर 9554 प्रत्येकी 360 वॅटचा, 9965 आणि 6980पी 500 वॅटचे. रॅकला 6 केव्हीएची मर्यादा असेल तर 500 वॅटवाले दोन-सॉकेटचे सर्व्हर तीन-चार झाले की रॅक भरला, वर कितीही जागा रिकामी दिसो.

त्या 58 मिनिटांतली 22 मिनिटं एकाच कोअरवर जातात. सगळ्या शाखांच्या व्याजाची बेरीज, पैशांची पूर्णांकात जुळणी आणि मुख्य खतावणीत नोंद हे सगळं एका ओळीत, एकामागून एक चालतं. जुन्या यंत्रावर त्याला 27 मिनिटं लागायची. पाच मिनिटं वाचली ती नव्या कोअरच्या घडणीमुळे, बाकीचे 127 कोअर तेव्हा नुसते बसून असतात. 192 कोअरचा प्रोसेसर आणला तरी या 22 मधलं एक मिनिटही कमी होणार नाही. ही नोंद शाखावार तोडता येईल का, हे प्रोग्रॅमरांना त्याच रात्री लिहून कळवलं. खतावणी प्रत्येक शाखेची वेगळी जुळायला हवी, एवढीच त्यात अडचण आहे.