शेजारी देशात आपल्या मालाची कड कोण घेतं?

इचलकरंजीत सुताचा भाव हलला की कापूस, वीजदर, मजुरी यांची चर्चा होते. ढाक्याची फारशी होत नाही, आणि ती व्हायला हवी. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशानं बेनापोल, भोमरा, बुरीमारी अशा लँड पोर्टमधून, म्हणजे सीमेवरच्या रस्तामार्गाच्या नाक्यांवरून, भारतीय सूत आणणं बंद केलं. समुद्रमार्ग मोकळा ठेवला. मागणी तिथल्या सूतगिरणी मालकांची होती. ट्रकनं येणाऱ्या स्वस्त सुतामुळं आपल्या गिरण्या मार खातात, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांना मात्र हेच सूत हवं होतं. छोटी ऑर्डर घेणाऱ्याला ट्रकभर सूत चटकन मिळालं तर परवडतं, चट्टग्राम (चितगाव) बंदरात कंटेनर लागेपर्यंत शिलाई थांबवणं परवडत नाही. देशाच्या निर्यातीत पाचातल्या चार हिश्श्यांहून जास्त वाटा या कपड्यांचा. तरीही त्या वेळी ऐकलं गेलं ते गिरण्यांचं.

शेजारी देशाचं धोरण समजून घ्यायचं असेल तर तो देश एकजीव धरू नये. तिथला कुठला धंदा आपल्या मालावर चालतो, कुठला आपल्या मालामुळं अडचणीत येतो आणि सरकारदरबारी कुणाची वट आहे, हे आधी बघावं. झेंडे आणि भाषणं त्यानंतर.

आपल्याकडेही हेच. बांगलादेशी निर्यात माल आपल्या हद्दीतून तिसऱ्या देशात न्यायची सवलत 2020 मध्ये दिली होती, ती 8 एप्रिल 2025 ला काढली. या मालामुळं विमानतळावर जागा अडते, ही आपल्या कपडे निर्यातदारांची तक्रार जुनीच होती. ढाक्याशी बिनसल्यावर तिला वजन आलं. 17 मे ला बांगलादेशी तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येतील असा आदेश निघाला. त्याच आदेशात मासे, एलपीजी, खाद्यतेल आणि खडी यांना बंदर-निर्बंधातून वगळलं, नेपाळ-भूतानकडे जाणारा मालही वगळला. कुठलाही आदेश हाती आला की मी ही सूट देणारी ओळ आधी वाचायला सांगेन. कुणाचं काम अडू द्यायचं नव्हतं, ते तिथं कळतं.

साखरेचं उदाहरण कोल्हापूरला जास्त जवळचं. 31 मार्च 2021 ला पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीनं भारतातून 5 लाख टन साखर आणि कापूस आणायला मंजुरी दिली. तिकडं साखर महागली होती, कापसाचं पीक घटलं होतं. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं काश्मीरचं कारण देऊन निर्णय फिरवला. माझ्या मते साखरेपुरतं कारण सरळ आहे : भारतीय साखर आली नाही म्हणून बंद पडेल असा धंदा तिकडं नव्हता. साखर ब्राझीलहूनही येते, आणि तिथल्या साखर कारखान्यांना बाहेरची साखर नकोच असते. कड घेणारं कुणी नसलेला माल राजकारणात पहिला कापला जातो.

आणि आपण तरी कुठं खात्रीचे विक्रेते आहोत? 1 जून 2022 पासून साखरेची निर्यात सरकारी परवानगीवर आणली. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि मार्च 2024 मध्ये त्याच कांद्यातले 50,000 टन सहकारी निर्यात संस्था एनसीईएलमार्फत बांगलादेशाला मंजूर केले. व्यापाऱ्यानं वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक अशानं दिल्लीच्या मेहरबानीवर येतं, शेतकऱ्याचा भाव पडतो, आणि खरेदीदार पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या देशाशी बोलून ठेवतो. हे मला फार चुकीचं वाटतं.

शेजारी देशात माल पाठवणाऱ्यानं निदान एवढं करावं. अधिसूचनेत आधी आपल्या मालाचा आठ अंकी कोड शोधावा. साखरेचे कोड 1701 नं सुरू होतात, सुती सुताचे बहुतेक 5205 नं. मग माल ‘प्रतिबंधित’ (Prohibited) आहे की ‘निर्बंधित’ (Restricted) ते बघावं : पहिल्यात दार बंद, दुसऱ्यात परवाना मागता येतो. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 प्रमाणे आदेशाच्या तारखेआधी उघडलेल्या, रद्द न होणाऱ्या एलसीवरचा (खरेदीदाराच्या बँकेनं पैशांची हमी दिलेल्या पतपत्रावरचा) माल जाऊ शकतो, पण ती एलसी आदेशापासून 15 दिवसांत डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, प्रादेशिक कार्यालयात नोंदवावी लागते. अधिसूचनेतच 1.05 लागू नाही असं म्हटलं असेल तर ही वाट बंद. मे 2022 च्या गहूबंदीनंतर मागच्या तारखा टाकलेल्या एलसींचा संशय आल्यानं डीजीएफटीनं प्रत्यक्ष पडताळणी लावली, त्यामुळं एलसी उघडल्याचा बँकेतला स्विफ्ट संदेश (बँकांमधला तारखेसह येणारा अधिकृत निरोप) जपून ठेवावा.

सगळ्यात जास्त घोळ मार्गाचा होतो. एलसीत ‘ट्रकनं, पेट्रापोल-बेनापोलमार्गे’ असं लिहिलेलं असतं, लँड पोर्ट बंद होतं, माल समुद्रातून जातो आणि कागद जुळत नाहीत म्हणून बँक पैसे अडवते. एलसीत दुरुस्ती करायला ती उघडणाऱ्या बँकेची संमती लागते, आणि भाव पडलेला असेल तर खरेदीदार दुरुस्तीसाठी हलतच नाही. म्हणून करारात आणि एलसीत सुरुवातीलाच दोन मार्ग लिहून घ्यावेत, आणि सरकारी आदेशानं मार्ग बदलला तर वाढीव भाडं आणि डिटेन्शन (ट्रक किंवा कंटेनर अडकून पडल्याचा आकार) कुणी भरायचं, तेही.