सप्टेंबरचा साका, जुलैचा केन

"पोरगं फुटबॉल छान खेळतं, इंग्लंडच्या अकादमीत घालायचंय. किती भरावे लागतील?" महाराष्ट्रातून अशी विचारणा आली की उत्तर एकच: एक पैही नाही. इथल्या व्यावसायिक क्लबांच्या अकादमीत फी नसते, आणि फॉर्म भरून मिळणारी सीटही नसते. क्लबचं नाव लावून भरपूर पैसे घेणारी सुट्टीतली शिबिरं वेगळी. त्यांच्याकडून मिळतो तो टी-शर्ट.

खरी वाट सुरू होते रविवारी सकाळी, एखाद्या चिखलाळलेल्या पार्कात. नऊ वर्षांखालचा गट, ३ नंबरचा चेंडू, पालक दोरीमागे. बाजूला शांत उभा असलेला स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा माणूस, गोल मोजत नसतो. चेंडू पायाशी यायच्या आधी पोरगं मान वळवून मागे बघतं का? पहिल्या स्पर्शातच चेंडू मोकळ्या जागेत नेतं का? चेंडू हरवला की कमरेवर हात ठेवतं, की उलटं धावतं? एवढं पटलं तर बोलावणं येतं, काही आठवडे चाचणी होते, मग नोंदणी. या वयात घर अकादमीपासून साधारण तासाभराच्या अंतरात लागतं. आठवड्याचे चार ते आठ तास सराव, म्हणजे शाळा सुटली की रात्रीचं जेवण बऱ्याचदा गाडीतच.

आता गंमत बघा. इथे वयोगट १ सप्टेंबरला बदलतो. इंग्लंडकडून खेळणाऱ्या बुकायो साकाचा जन्म ५ सप्टेंबर २००१ चा, म्हणजे गटातल्या सगळ्यात थोरल्यांपैकी एक. इंग्लंडचाच हॅरी केन, त्याचा २८ जुलै १९९३ चा, म्हणजे गटातलं शेंडेफळ. आठ वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत साधारण पाच-सहा सेंटिमीटर. लंडनच्या आर्सेनल क्लबने साकाला लहानपणापासून जपलं आणि १७ व्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पहिल्या संघात उतरवलं. त्याच आर्सेनलने केनला मात्र लहानपणीच सोडून दिलं होतं. तो पुढे टॉटनहॅम क्लबमध्ये वाढला आणि २०२३ मध्ये इंग्लंडचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. अकादम्यांत आजही सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मुलांची गर्दी दिसते. आता काही ठिकाणी जन्मतारीख बाजूला ठेवून शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवतात. उशिरा उंच होणाऱ्या पोराला त्यात निदान चेंडू तरी मिळतो.

बारा ते पंधराचा टप्पा सगळ्यात नाजूक. हाडं भराभर लांब होतात, स्नायू मागे राहतात. गुडघ्याखाली, त्याआधी टाचेत, दुखायला लागतं. इथे "थोडं सहन कर" म्हणणारा पालक पोराचं नुकसान करतो. धावणं आणि उड्या कमी करणं हाच खरा उपाय. कालपर्यंत सफाईने खेळणारा मुलगा या काळात अडखळायला लागतो आणि नेमका तेव्हाच वगळला जातो.

सोळाव्या वर्षी क्लबकडून दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते, सोबत शिक्षण सक्तीचं. व्यावसायिक करार सतराच्या आधी होत नाही. करारानंतरही दुसऱ्या क्लबांत उसनं जाणं आलंच. केन हा लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर या क्लबांत असा फिरला. २०१३ मध्ये लेस्टरच्या राखीव बाकावर त्याच्या जोडीला पुढे इंग्लंडकडून खेळलेला जेमी वार्डी होता. वार्डीलाही सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे क्लबने काढलं होतं.

आता पुण्या-कोल्हापूरच्या मुलाचं काय? फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत परदेशी क्लबात बदली होत नाही. अपवाद आहेत, पण ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, इंग्लिश क्लबांना युरोपातली सोळा-सतराची मुलंही घेता येत नाहीत. आपल्या घरांना लागू पडणारा अपवाद म्हणजे आईवडिलांचं फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने झालेलं स्थलांतर, उदाहरणार्थ नोकरी. दहा वर्षांपुढच्या मुलाच्या नोंदणीची फाइल त्यावरच तपासली जाते: मुलाचा जन्मदाखला, सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा, पालकाचं नियुक्तिपत्र, राहत्या घराचा पुरावा. नियुक्तिपत्रावरची तारीख क्लबच्या बोलावण्याच्या नंतरची दिसली, तर स्थलांतर फुटबॉलसाठीच झालं असा संशय येतो आणि फाइल अडते.