सरांचा काळा कोट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि आधी आठवला सरांचा काळा कोट. मराठीच्या आपल्या सरांचं नाव इथे लिहायला नकोच.

तेव्हा मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ लागायचं. चाळीत टीव्ही एकच, सरांकडे. त्या दिवशी बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, दार उघडंच ठेवायच्या. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव सगळ्यांचाच लाडका, पण माझी नजर बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊवरून हलत नसे. कार्यक्रम संपला की सर चि. वि. जोशींचं चिमणरावाचं मूळ पुस्तक काढत. हे लिहिणारा माणूस बडोद्याला पाली शिकवायचा, १९४० साली पडद्यावर दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते, हे मला सरांच्या त्या फरशीवर बसून कळलं.

१९७९च्या स्नेहसंमेलनात आमचा चिमणरावांचा प्रवेश होता. मी आठवीत, गुंड्याभाऊ. पहिल्या तालमीला पोटावर उशी बांधून गेलो. सरांनी स्वतःच्या हाताने ती सोडली.

“कर्वे हसवायला जातात का रे? ते चिमणरावाच्या पाठीशी उभे राहतात. तू फक्त त्याची काळजी कर.”

पुढचे चार दिवस मला संवादच दिले नाहीत. नुसतं ताठ उभं राहायचं आणि चिमणराव घाबरला की एक पाऊल पुढे टाकायचं. प्रयोगाच्या रात्री भाड्याचा कोट दंडात अडकला. सरांनी अंगातला काढून मला घातला. खिशात खडूचे तुकडे होते, माझी बोटं पांढरी झाली. मी ते पाऊल टाकलं आणि हशा पिकला. डाव्या विंगेत सर थंडीत नुसत्या शर्टावर उभे होते. हसत नव्हते, माझे संवाद माझ्याबरोबर पुटपुटत होते.

नाटकाने पोरगा वाया जाईल म्हणून वडील धास्तावले, तेव्हा सर घरी आले. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत इंजिनिअर आहेत, नोकरी सांभाळून नाटक करतात, हे त्यांनी सांगितलं आणि वडील निवळले. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाची दोन प्रमाणपत्रंही मिळवली. दोन्ही सरांचीच.

कर्व्यांनी रंगभूमीवर कितीतरी भूमिका केल्या, तरी लोकांच्या तोंडी गुंड्याभाऊच राहिला. काहींना हा अन्याय वाटतो. मला नाही वाटत. माझी बॅच मला अजून गुंड्या म्हणते, आणि ती हाक ऐकली की बरं वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये कर्वे गेले. सर त्याआधीच गेलेले. मी बाईंना फोन केला. “कळलं रे,” एवढंच म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही बराच वेळ फोन धरून बसलो.

सभागृहात आता पार्टिशन घालून संगणक कक्ष झालाय. विंगेच्या जागी लोखंडी कपाट आहे. महोत्सवाच्या दिवशी ते जरा बाजूला सरकवता आलं तर बघा. मला तिथे दोन मिनिटं उभं राहायचंय.