घरी बांधलेल्या विमानात मॅनिफोल्ड प्रेशर मोजताना

फिक्स्ड पिच प्रोपेलरच्या (ज्याच्या पात्यांचा कोन बदलता येत नाही) विमानाला मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेतला दाब, कशाला मोजायचं, हा प्रश्न मला जवळपास प्रत्येकानं विचारला. आरपीएम सांगतोच की सगळं! सगळं नाही सांगत. सरळ उडताना २४०० आरपीएम थ्रॉटल बराच मागे असतानाही मिळतात. चढताना तेच २४०० मिळवायला थ्रॉटल पार पुढे ढकलावा लागतो. काटा एकाच आकड्यावर, इंजिनावरचा भार मात्र वेगळा. पॉवरचे तक्ते आरपीएम आणि मॅनिफोल्ड प्रेशर या जोडीनंच वाचायचे असतात. मिश्रण पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) करण्याआधी आपण ७५ टक्के पॉवरच्या खाली आहोत ना, हे मला अंदाजानं नको होतं.

माझं इंजिन लायकमिंग ओ-३२०, कार्ब्युरेटरवालं. यात कार्ब्युरेटर तेलाच्या संपखाली (इंजिनाच्या तळच्या टाकीखाली) बसतो आणि इनटेकच्या वाटा संपमधूनच चार सिलिंडरांकडे फुटतात. त्यामुळे दाब घ्यायचा तो एखाद्या सिलिंडरच्या इनटेक पोर्टजवळून. हेडला तिथे १/८ इंची एनपीटी (निमुळत्या पाइप) आट्यांचं भोक तयारच असतं. काहींत प्रायमरची (सुरू करताना पेट्रोल सोडणारी) नळी असते, बाकीच्यांत प्लग. मी मागचा, तीन नंबरचा सिलिंडर निवडला, कारण फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) तिथून जवळ. आट्यांना टेफ्लॉन टेप लावली नाही. तिचा एखादा तुकडा आत गेला तर तो बारीक भोक हमखास बुजवणार. पेट्रोलला टिकणारी सीलिंग पेस्ट लावली, तीही पहिला आटा सोडून.

सेन्सर एमपीएक्स ४११५ए. पल्ला १५ ते ११५ किलोपास्कल, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला अगदी पुरेसा. पाच व्होल्ट दिले की एका किलोपास्कलला ४५ मिलिव्होल्ट. फक्त एक लक्षात ठेवायचं: याचं आउटपुट पुरवठ्याच्या व्होल्टेजबरोबर वरखाली होतं. पाचाचे ४.९ झाले की समुद्रसपाटीला दाब जवळपास अर्धा इंच कमी दिसतो (इथले इंच पाऱ्याचे). म्हणून डिस्प्लेच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपला) संदर्भ म्हणून तोच पाच व्होल्टचा पुरवठा दिला. मग दोन्ही एकत्रच घसरतात आणि चूक आपोआप कटते.

सेन्सर कोरड्या हवेसाठी बनवलेला, आणि आपण त्याला पेट्रोलची वाफ पाजणार. त्यामुळे तो पोर्टपेक्षा वर बसवला, फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला. होज पोर्टपासून सेन्सरपर्यंत सतत चढती ठेवली, कुठेही झोळ नाही. झोळात थेंब साचला की दाब त्या थेंबापाशीच अडतो. कॉकपिटमध्ये फक्त वायर येते, पेट्रोलची वाफ असलेली नळी नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आकडा खरा आहे का, हे इंजिन सुरू करण्याआधीच तपासता येतं. बंद इंजिनात मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. रेडिओवर मिळणारा क्यूएनएच (अल्टिमीटर लावायचा दाब) इथे चालत नाही, कारण तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं उपकरण, शून्यावर आणला की त्याच्या दाबाच्या खिडकीत खरा दाब दिसतो. पण ती खिडकी बहुतेक २८.१ इंचांखाली जात नाही. धावपट्टी उंचावर असेल तर खिडकीत २९.९२ लावून उंची वाचायची आणि तक्ता पाहायचा: २००० फुटांना २७.८२, ५००० फुटांना २४.९०.

हा झाला एक बिंदू. दुसऱ्यासाठी लांब पारदर्शक नळी घेतली, एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं शिडीवर, टी-आकाराच्या जोडानं सेन्सरला आणि मोठ्या सिरिंजला जोडलेलं. सिरिंज ओढून पाणी बादलीतल्या पातळीपासून बरोबर दोन मीटर वर चढवलं. दोन मीटर पाणी म्हणजे १९.६ किलोपास्कल, पाऱ्यात मोजलं तर ५.८ इंच. मल्टिमीटरवर आउटपुट सुमारे ८८० मिलिव्होल्टनी उतरलं. मग सिरिंज तशीच धरून ठेवली. पाणी हललं नाही, म्हणजे जोड गळत नाहीत. हे सगळं शिडीवर चढून का होईना, पण महागड्या कॅलिब्रेटरशिवाय जमतं.

खरी गंमत इंजिन सुरू झाल्यावर. आधी मुद्दाम मोकळ्या भोकाची फिटिंग लावली होती, कच्चा सिग्नल कसा दिसतो ते पाहायला. १२०० आरपीएमला आकडा कधी दगडासारखा स्थिर, तर कधी सावकाश वर चढायचा, सावकाश उतरायचा. थ्रॉटलला हातही लावलेला नसताना! मॅग्नेटोचा (ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) विद्युत गोंगाट वायरीत शिरतोय, असं हँगरमधल्या सगळ्यांचं एकमत. शील्ड केलेली वायर टाकली. फरक शून्य. गोंगाट असता तर आकडा थरथरला असता. हा तर निवांत झोके घेत होता.

कागदावर मांडल्यावर उलगडलं. फोर-स्ट्रोकमध्ये एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो. १२०० आरपीएमला हे सेकंदाला बरोबर दहा वेळा होतं. आणि माझा डिस्प्लेही सेकंदाला दहाच वेळा वाचत होता. म्हणजे प्रत्येक वेळी त्याला चक्रातला तोच क्षण सापडायचा. सिनेमात गाडीची चाकं थांबलेली किंवा उलटी फिरताना दिसतात, तसंच हे. आरपीएम १२१२ झाले की सेकंदाला १०.१ ठोके, आणि दहा सेकंदांचा एक झोका. वर २४०० आरपीएमला ठोके वीस, पुन्हा दहाच्या पटीत. म्हणजे ज्या वेगानं सगळ्यात जास्त उडायचं, तिथेच आकडा स्थिर दिसणार आणि नेमका खोटा असणार.

लॅपटॉपवर सेकंदाला हजार वेळा नोंद घेतली तेव्हा खरं चित्र दिसलं: सक्शनच्या वेळी दाब खोल उतरतो, व्हॉल्व्ह मिटला की वर येतो, आयडलला (थ्रॉटल पूर्ण मागे, इंजिन मंद) तर फारच. मॅनिफोल्डमध्ये एकच एक दाब असा नसतोच. तक्त्यातला आकडा सरासरीचा, आणि ती सरासरी आपणच काढायची असते.

ती मी दोन ठिकाणी काढली. फिटिंगमध्ये एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) बसवला. त्यानं ठोके दबतात, शिवाय होज तुटली तर त्या सिलिंडरमध्ये शिरणारी जादा हवाही मोजकीच राहते, इंजिन चालू राहतं. सुरक्षेच्या दृष्टीनं हे दुसरं कारण मला जास्त पटतं. बाकीचं सॉफ्टवेअरमध्ये: भरपूर वेळा वाचायचं आणि अर्ध्या सेकंदाची सरासरी दाखवायची. अर्ध्या सेकंदात आयडललाही चक्रं पूर्ण होऊन जातात. याहून जास्त गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. थ्रॉटल हलवला आणि आकडा मागून रेंगाळत आला तर तो काय कामाचा?

आता गरम इंजिन आयडलला १२ इंचांच्या आसपास दिसतं, जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला बाहेरच्या दाबापेक्षा साधारण इंचभर कमी. पूर्ण थ्रॉटलवर चढताना दर हजार फुटांना सुमारे एक इंच उतरतो, ही हवेतली फुकटची तपासणी. आणि ते २४०० आरपीएम? सरळ उडताना २२ इंच, चढणीत २७च्या जवळ.

आयडलचा आकडा मी प्रत्येक उड्डाणानंतर वहीत लिहितो. बाहेरच्या आणि आतल्या दाबात सर्वांत मोठी दरी आयडललाच असते, त्यामुळे गळती तिथे आधी दिसते. आरपीएम नेहमीचेच आणि दाब इंचभर जास्त, असं दिसलं की आधी सिरिंज लावून सेन्सरची होज तपासायची; ती धड असेल तर इनटेक पाइपांचे गॅस्केट आणि रबरी जोड. रिस्ट्रिक्टरचं भोक वार्षिक तपासणीत बारीक तारेनं साफ करतो, आणि होज त्याच वेळी नवी.