पहिली घरगुती बिअर: बुडबुडे, हायड्रोमीटर आणि मी

घरी बिअर करायचं डोक्यात आल्यावर सर्वांत आधी कायदा वाचला. काही देशांत स्वतःपुरती बिअर करायला मोकळीक असते, काही ठिकाणी परवान्याशिवाय तो गुन्हा ठरतो. पातेलं चढवण्याआधी हे बघून घ्यावंच.

मग पाककृती शोधायला लागले आणि हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, नावांनीच डोकं गरगरलं. शेवटी साधा रस्ता धरला: माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) अर्काची तयार पावडर, एकाच जातीचे हॉप्स आणि एल प्रकारच्या बिअरचं कोरडं यीस्ट. लागर हा बिअरचा दुसरा मोठा प्रकार; ती आंबवायला साधारण 10 ते 13 अंशांचा गारवा सतत टिकवावा लागतो, ती सोय माझ्याकडे नव्हती. एलचं यीस्ट 18 ते 20 अंशांवर नीट काम करतं.

10 लिटरला 1.3 किलो पावडर घेतली. ती मिसळताना पातेलं आचेवरून खाली घेतलं, नाहीतर पावडर तळाशी बसून करपते. उकळी फुटायच्या वेळी तिथून हलायचं नाही. दूध उतू जातं तसाच हा फेस वर येतो, फक्त पुसायला जास्त चिकट. हॉप्सचा मोठा वाटा सुरुवातीलाच टाकून तासभर उकळू दिला, कारण कडवटपणा देणाऱ्या आम्लांना तेवढा वेळ लागतो. उरलेले शेवटच्या पाच मिनिटांत, वासासाठी.

या गोड-कडू पाण्याला वर्ट म्हणतात. तो गार व्हायला लागला की खरी काळजी सुरू होते. उकळत असताना जंतूंची भीती नसते, कोमट झाल्यावर मात्र ती गोडी त्यांनाही हवीच असते. म्हणून पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट 20 अंशांवर आणलं. आंबवायची बादली, झाकण, नळी, चमचा, सगळं आधी घासून स्वच्छ आणि मग वेगळं निर्जंतुक केलेलं. खरं सांगायचं तर या छंदातला निम्मा वेळ भांडी घासण्यात जातो, हे कुणी आधी सांगत नाही. यीस्ट टाकण्यापूर्वी वर्ट जोरात हलवला. यीस्टला वाढायला प्राणवायू लागतो. त्यानंतर मात्र हवा जितकी कमी लागेल तितकी चांगली, नाहीतर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

दुसऱ्या दिवशी एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झाकणावरची सोय) बुडबुडे यायला लागले आणि मी येता-जाता तिथेच घुटमळायचे. पण बुडबुड्यांवर विसंबू नये, हे माझं ठाम मत. झाकण जरा सैल असलं तर वायू दुसरीकडून निघून जातो आणि आंबणं थांबलं असं वाटतं. खोली तापली तर आंबणं संपल्यावरही विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे दिसतात. विश्वास ठेवावा तो हायड्रोमीटरवर. तो पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजतो; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो. सुरुवातीला त्याने 1.048 दाखवलं होतं. बुडबुडे मंदावल्यावर काही दिवसांच्या अंतराने दोनदा मोजलं, दोन्ही वेळा 1.012. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांतल्या फरकाला 131.25 ने गुणलं की मद्यार्क निघतो: साधारण 4.7 टक्के.

आकडा स्थिरावण्याआधी बाटल्या भरणं हा धोकाच. उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते आणि काच फुटू शकते. बिअर फसफसायला हवी म्हणून भरताना लिटरमागे साडेसहा ग्रॅम साखर घातली, थोड्या पाण्यात उकळून. बाटल्या दाब सोसणाऱ्या, तपकिरी काचेच्या. उजेड आणि हॉप्स यांची गाठ पडली की कुबट वास येतो. मग दोन आठवडे खोलीच्या तापमानाला अंधारात, नंतर फ्रिजमध्ये.

पहिली बाटली उघडताना नीट फुस्स झालं. तळाला यीस्टचा साका होता, तो हलू न देता ओतली. चवीत हिरव्या सफरचंदाची झाक होती, ती बिअर अजून कोवळी असल्याची खूण. थोडी मुरल्यावर गेलीही. पुढची पायरी म्हणजे भरडलेलं माल्ट 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर भिजवून स्वतःच गोडी काढायची. त्यासाठी मोठं पातेलं आणि अख्खा रिकामा दिवस लागतो. तोवर मी पावडरवरच खूश आहे. सध्या फक्त हॉप्स बदलून बघतेय.